परक्या घरचं काम

१४ एप्रिल २०२१, बुधवार
आज रात्री आठपासून पुन्हा सगळं बंद. पेपरात मदतीची यादी आली आहे. रिक्षावाले, फेरीवाले, बांधकाम मजूर, घरेलू कामगार. दीड-दीड हजार. आमच्या मंडप-भांड्यांच्या धंद्याचं नाव नाही. ह्यांनी यादी दोनदा वाचली, मग पान उलटून राशिभविष्याच्या बाजूलाही पाहिलं. मी म्हटलं, जागा पुरली नसेल, उद्या छापतील.
संकल्प: रोज रामरक्षा. काटकसर. घाबरायचं नाही. मी घाबरत नाहीच. चहात साखर अर्धी केली ती तब्येतीसाठी.

१७ एप्रिल, शनिवार
बिल्डिंगचे सेक्रेटरी रुपचंदभाऊ यांनी जिन्यात कागद लावला. बाहेरच्या कामवाल्या बायका बंद. नियम म्हणजे नियम. कुंदाबाईला फोन करून सांगितलं की सरकार म्हणेल तेव्हा ये. नऊ वर्षं येते भांडी-फरशीला, पण एवढं साधं तिला समजेना. पगाराचं विचारलं. मी म्हटलं, पगार कुठे पळून जातोय. आणि ते खरंच आहे. माझ्याच डब्यात आहे.
भांडी मी घासली. कमरेला चांगला व्यायाम.

२२ एप्रिल, गुरुवार
आता लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. यावलच्या जीवराम आबांनी नातवाच्या लग्नाची ऑर्डर मोडली. पंचवीस जणांचा भात घरच्या कुकरात होतो म्हणाले, आणि इसार परत मागितला. हे म्हणाले, दोन तासांत तर आपली पातेली टेम्पोतून उतरत नाहीत, लग्न कसलं लावता. मग दिवसभर खालच्या खोलीत पातेली पुसत बसले. धूळ नव्हती.

२४ एप्रिल
सावद्याहून नीलेशने केळी पाठवली. व्यापारी माल उचलत नाहीत म्हणे. सख्खा भाऊ आहे, नाही कसं म्हणणार. सकाळी शिकरण, संध्याकाळी कच्च्या केळ्याची भाजी. देवालाही केळंच.

२६ एप्रिल, सोमवार
तो जुना पेपर देवघराच्या फळीवर घालायला घेतला आणि डोळे उघडले. घरेलू कामगार! म्हणजे मीच की. घरात काम करणारी ती घरेलू कामगार. दोन आठवडे मी वेड्यासारखी मंडपवाल्यांचं नाव शोधतेय.
भूमिकाला सांगितलं. तिची बारावीची परीक्षा पुढे गेली आहे, त्यामुळे तिला हसायला भरपूर वेळ आहे. म्हणाली, आई, ते दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बायकांसाठी असतं. मी म्हटलं, पेपरात दुसऱ्याच्या असं कुठे लिहिलंय, दाखव. नव्हतं लिहिलेलं. शिवाय माझ्या लग्नात, पोरगी परक्या घरी चालली, असं अख्खं सावदा रडून म्हणालं होतं. परकं म्हणजे दुसऱ्याचंच.
मी मॅट्रिक आहे. मला कागद कळतो.

२९ एप्रिल, गुरुवार
अर्जाला मालकाचा दाखला लागतो. आपल्याकडे ही सोयच आहे. ह्यांना मी चारचौघांत मालक म्हणते, नवीन कोणी शोधायला नको. ह्यांच्याकडून लिहून घेतलं: सौ. सुलक्षणा या माझ्याकडे लग्नापासून कामास आहेत. पुढे 'काम समाधानकारक' लिहायचं, तर तिथे पेन थांबलं. मी बघत होते म्हणून लिहिलं. पगाराच्या रकान्यात काय लिहू म्हणाले. मग स्वतःच लिहिलं, खाऊनपिऊन. खाली सही: चुडामण.
पहिल्यांदाच दोघं एका कामाला लागलो. बरं वाटलं.

४ मे, मंगळवार
मंगळवार चांगला म्हणून कामगार ऑफिसला गेले. चप्पल काढून, नमस्कार करून. खिडकीतल्या साहेबांनी कागद वाचला, मास्क खाली करून परत वाचला. म्हणाले, बाई, मालक म्हणून इथे तुमच्या नवऱ्याचं नाव आहे. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाचं असणार? रांगेतले हसले. साहेब हसले नाहीत, ते सभ्य वाटले. म्हणाले, नवऱ्याच्या घरी काम करणारीला कामगार म्हणत नाहीत. मी विचारलं, मग काय म्हणतात? ते म्हणाले, पुढचे या.
पुढची म्हणजे कुंदाबाई. माझ्या मागेच उभी होती, सगळं ऐकलेलं. तिची नोंदणी जुनी आहे, फक्त नवी करायची. त्याला मालकाचा दाखला हवा. तिथेच कोरा कागद माझ्यापुढे धरला.
"सही करी द्या ना बाई. नऊ वरीस तुमनाघर काम करेल शे मी."
मी म्हटलं, अशी रस्त्यात सही करू नये, घरी नीट वाचून करते. तारीख महिनाअखेरपर्यंत आहे. भरपूर आहे. कागद पर्समध्ये ठेवला.

७ मे, शुक्रवार
एकादशी. आज लिहिणं नको.
(हे लिहिलं ते चालतं. पेन्सिलने लिहिलंय.)

९ मे
काही नाही. केळी.

११ मे, मंगळवार
अमावस्या. कुंदाबाईचा फोन आला. अमावस्येला सही केली तर तिलाच बाधेल, हे तिच्या भल्याचं सांगितलं. ती म्हणाली, तिच्या मालकाची हमाली बंद आहे, किराणावाला उधार देत नाही. म्हटलं, सगळ्यांचंच तसं आहे. आमची तर साखर अर्धी झाली.
ह्यांना विचारलं, सही करू का? हे म्हणाले, सरकारी कागदावर लिहून दिलंस की ती आजपर्यंत कामाला आहे, म्हणजे एप्रिलचा पगारही आला. तोही देऊन टाक. मी म्हटलं, म्हणूनच विचार करतेय.
मी तिच्याहून जास्त राबते आणि दीड हजार तिला, हा मुद्दाच नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. कोणतं तत्त्व ते नीट मांडून उद्या लिहीन.

१४ मे, शुक्रवार
अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. माहेरी जाणं नाही. झोका नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला वडिलांनी घेतलेला झोका यंदा सावद्याच्या निंबाला रिकामा असेल, असं नीलेश फोनवर म्हणाला. की टांगलाच नाही म्हणाला, नीट ऐकू आलं नाही. पुरणपोळी केली, आमरस पातळ केला. दरवर्षी आखाजीला ह्यांना जेवायला सवड नसते, इतकी लग्नं. आज दोनदा जेवले, तेही कसे जेवले कळलं नाही.
दुपारी कुंदाबाई गेटवर आली होती. वॉचमनने आत सोडलं नाही. मी गॅलरीतून बघितलं. सणाच्या दिवशी सही नको म्हणून आत आले. ती बराच वेळ उभी होती. ऊन होतं. तिने डोक्यावर पदर घेतला होता, म्हणजे काळजी नव्हती.

२४ मे, सोमवार
भुसावळचा भांडीवाला टेम्पो घेऊन आला. मोठी पातेली, परातींच्या चळती, डेगी, सगळं किलोवर गेलं. ह्यांनी स्वतः काट्यावर चढवलं. प्रत्येकावर आमचं नाव कोरलेलं. तो म्हणाला, नावाचे कमी लागतील, घासावं लागतं.
खालची खोली मोकळी झाली. हवा छान खेळते. पोथीचं पारायण तिथे करता येईल. हे संध्याकाळी खाली जाऊन उभे राहिले. मी हाक मारली तर आवाज घुमला.

३१ मे, सोमवार
सही करायला बसले आणि लाइट गेली. हे म्हणाले, सकाळचे अकरा वाजलेत. तरीपण.
दुपारी पेन उमटेना. रिफिल नवीन आणावी लागेल, स्टेशनरीची दुकानं अकरापर्यंतच. मी प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. भूमिकाने स्वतःचं पेन पुढे ठेवलं. जांभळं होतं. सरकारी कागदाला जांभळं चालत नाही.

२ जून
काही नाही.

७ जून, सोमवार
निर्बंध उठले. जिन्यातला कागद रुपचंदभाऊंनी काढला. कुंदाबाई आली नाही. फोन लागत नाही. मनगट दुखतं. ह्यांना कोणीतरी गोडाऊनवर रात्रीच्या राखणीचं काम सांगितलंय. हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तात्पुरतंच आहे. लग्नाची तिथी येईपर्यंत. पातेली परत घेता येतात.

९ जून, बुधवार
मनाचा मोठेपणा दाखवायचा ठरवलं. दाखला निळ्या शाईत लिहिला, सही केली. वरून माझ्या मनाने 'वर्तन उत्तम' टाकलं. पगाराचं कागदावर मांडता येत नाही, म्हणून बरोबर डझनभर केळी घेतली आणि पत्ता विचारत तिच्या वस्तीत गेले.
कुंदाबाई दारातच होती. अंगावर दवाखान्याचा निळा झगा. कोविडच्या वॉर्डात साफसफाईला लागली तीन आठवड्यांपासून, रात्रपाळीहून नुकतीच आली होती. मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली, लांब. मी कागद दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, घडी न उघडता मांडीवर ठेवला.
"तारीख तं निंघी गई बाई."
मी म्हटलं, असू दे, पुढच्या वेळी उपयोगी येईल. परत कामाला कधी येतेस ते सांग. ती म्हणाली, आता जमायचं नाही, इकडे पगार तारखेला होतो. टोचून म्हणाली नाही. मग माझ्या हातांकडे बघत राहिली. साबणाने नखं गेलीत माझी. म्हणाली, ह्यांचं पातेल्यांचं कळलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ज्योती मॅडमचा तिला फोन आला होता, त्यांना भांडी-फरशीला बाई हवी आहे, माणूस चांगलं आहे, पगार कापत नाहीत.
"तुमनं नाव सांगू का? हात साफ शे तुमना. मी सांगसु."
मी हसले. ती हसली नाही. चहा पिऊन मी उठले. विचार करून सांगते म्हटलं, एकाच बिल्डिंगमध्ये म्हणजे शेजारधर्मच तो.
येताना वाटेत लक्षात आलं, त्यांच्याकडे भांडी एक वेळ की दोन वेळ, ते विचारायचं राहून गेलं.