तारा कायले सैल केल्या?

बाबा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता रागवायचं तरी कोणावर, पण आलाय. दोन महिने झाले, तुमची गिटार मांडीवर घेऊन बसते आणि डोकं धरून उठते. बाकी सगळं नीट ठेवून गेलात. जुन्या चादरीची खोळ शिवलेली, जास्तीच्या तारा कागदात गुंडाळून खोळीच्या खिशात. एक सूर तेवढा ठेवला नाहीत. वाजवून झालं की सहाच्या सहा तारा सैल. आज वाजवली, सैल. उद्या सकाळी परत वाजवायचीय, तरी सैल. मग परत अर्धा तास पिळत बसा. कायले, बाबा? काय मिळत होतं तुम्हाला?

विचारलं की उत्तर तयार असायचं. "पांढरकवड्याचं ऊन हाय हे. तारा ताणून ठेवल्या त घोडी उखडते." ज्या पट्टीवर तारा अडकवलेल्या असतात तिला तुम्ही घोडी म्हणायचात. बरं, उन्हाळ्याचं मान्य. मग दिवाळीत? दिवाळीत कुठलं ऊन होतं? आणि सूर लावायला बसणार कुठं, तर चुलीपाशी. "हवा दमट हाय, इथं लाकूड कोरडं राह्यते." मे महिन्यातही लाकूड कोरडं करायला चुलीपाशीच! आम्हा भावंडांना "अभ्यासाले बसा" म्हणून बाहेरच्या खोलीत पिटाळायचं आणि मधलं दार लोटून घ्यायचं. आम्हाला ऐकू यायची ती तारेची टुंगटुंग, भाकरी थापल्याचा आवाज, आणि मधूनच आईचं काहीतरी गुणगुणणं. मग धुरानं डोळे लाल करून तुम्ही बाहेर यायचात आणि गिटार लागलेली असायची. लाकडाचं तुमचं सगळं आम्ही खरं मानलं.

कारण तुमचा कान होताच तसा. रस्त्यानं सायकलवर जाताना नुसत्या आवाजावरून सांगायचात, कापसाच्या जिनिंगातल्या कोणत्या मशीनचा पट्टा सैल पडलाय ते. दारव्ह्याची एक बँड पार्टी मोडली तेव्हा ही गिटार घेऊन आलात, तर लोक हसले, आता भजनात गिटार का? पण बाकीचे वाजवतात तसा पंजा फिरवून खडखडाट तुम्ही कधी केला नाही. अंगठा जाड तारेवर एकतारीसारखा चालू, थांबणं नाही, घाई नाही. वरच्या तारांवर दोन बोटं, आणि त्या दोन बोटांत जात्यावरची ओवी. ओळ संपताना डावं बोट तारेवरून असं घसरत आणायचात की दळणाऱ्या बाईला दम लागल्यासारखा सूर खाली यायचा. विहारात तुम्ही वाजवायला लागलात की म्हाताऱ्या बायका ओठ हलवायच्या. आईला सगळ्या म्हणायच्या, "तू बी म्हण ना वं एखांदी," तर ती उठून चहा ठेवायला जायची. चारचौघांत ती उभ्या जन्मात गायली नाही.

मी चौदा वर्षांची असताना तुम्ही कामावर गेल्यावर गिटार काढली आणि आपल्या मनानं तारा पिळल्या. सगळ्यात बारीक तार फाटकन तुटली, गालावर ओरखडा आला. संध्याकाळी तुम्ही आधी तार पाहिली, मग गाल. आणि काय म्हणालात? "कोणं सांगतलं व्हतं हात लावाले? सूर काय तुह्या बापाचा हाय?" बापच विचारतोय, बापाचा आहे का म्हणून! भाऊ हसला, मला हसूसुद्धा सुचलं नाही. रात्री जेवताना तुम्ही तुमच्या ताटातला गूळ माझ्या ताटात सरकवलात, पण शिकवलं मात्र नाहीत. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. त्याचाही राग आहे, लिहून ठेवते.

नोकरीतून मोकळी झाले आणि शिकायला लागले, या वयात, फोनवर बघून बघून. बोटांना घट्टे पडले. शिकायचं कारण एकच. आई आता माझ्याजवळ असते. उजवा कान गेला, डावाही उतरत चाललाय, बोलणं तर केव्हाच कमी झालं. तो कान आहे तोवर ती ओवी तिला एकदा तुमच्यासारखी ऐकवायची, बस. पण सूर कुठून आणू? फोनमधलं अ‍ॅप सांगतं तशा तारा लावल्या, सहाही तारांना हिरवा दिवा लागला, आणि ओवी वाजवली तर शाळेची प्रार्थना वाटली. विहारातल्या कार्यक्रमाची तुमची एक कॅसेट होती, तिची फीत इतकी ताणली गेलीय की दर कडव्याला सूर बदलतो. शेवटी वैतागून मी गिटार स्वयंपाकघरात नेली, कारण पंखा नको वाटेल अशी थंडी होती आणि गॅसजवळ जरा ऊब होती.

आई खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी बारीक तार पिळतेय, पिळतेय, आणि ती एकदम खेकसली, "कायले वढून राह्यली वं तिले एवढी? तुटन ना! उतर. अजून उतर." मग भाजीवरून नजरही न उचलता तिनं एक लांब "हं" धरला. थरथरता, पण सरळ. "हे जाडीचं. आता तिच्या बाजूची." दुसरा "हं". "आता परत पयलाच, पण वरून." मग एक तिसरा, आणि पुढं तेच फिरून. सहा तारांना मिळून तीनच सूर, बाबा! मी तारा लावल्या आणि अंगठा टाकला, तर अख्खं स्वयंपाकघर तुमचं झालं. फक्त थोडं खाली. तिचा आवाज उतरलाय ना आता.

"आई, तुले कसं माहीत?"

"मले नाही त कोणाले राहीन? रोज मलेच म्हणायले लावत व्हते. भाकर करपे, पण त्यायचं आपलं, म्हण वं एकडाव." मग हळूच म्हणाली, "माणूस चांगला व्हता, पण सूर काई ध्यानात राह्यला नाही बिचाऱ्याच्या. मी कोणाले सांगतलं नाही. चारचौघांत इज्जत गेली असती त्यायची."

ध्यानात राहिला नाही! तुमच्या! मला इतकं हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की आई घाबरली. सूर माझ्या बापाचा नव्हताच. तुम्ही खरंच विचारत होतात आणि मी इतकी वर्षं तो टोमणा समजून बसले. मग ओवी वाजवली. आईनं डावा कान माझ्याकडे केला, हातातली काडी तशीच राहिली. संपल्यावर म्हणाली, "अंगठा मोठ्ठा पडते तुहा." एवढंच. पण ती त्या दिवशी जेवताना बोलत राहिली, तुमच्याबद्दल, करपलेल्या भाकरींबद्दल, इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम.

हे पत्र कुठं टाकणार? खोळीच्या खिशात, तारांसोबत ठेवते. आणि एक कबूल करते. काल वाजवून झाल्यावर मी सहाच्या सहा तारा सैल केल्या. आई ओरडली, "आता कायले उतरवल्या वं? उद्या परत मलेच म्हणायले लावशीन." मी म्हटलं, ऊन फार आहे आई, घोडी उखडते.

डिसेंबर चालू आहे, बाबा.