पादुकांचा कारभार

धुळे, दि. ४-१२-९५

चि. सौ. कुंदा हीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, केळीचा घड आणि तूरडाळ पोचली. एस.टी.वरच्या हमालाने दोन रुपये घेतले. केळी चांगली निघाली, म्हणून मी त्याला फार बोलले नाही.

तू सरपंच झालीस, देवीची कृपा. धनसिंगरावांनी म्हणे देवळात पोथी चालू असताना सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, की भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या तशी आमच्या घरातली खुर्चीवर बसेल, कारभार मी पाहीन. आणि आता कोऱ्या ठरावांवर तुझी सही मागतात. सही करू नकोस. नाही असंही म्हणू नकोस. देवासमोर बोललेला नवऱ्याचा शब्द बायकोने खाली पडू देऊ नये. मी काल पोथी पुन्हा वाचली. भरत गावाबाहेर राहिला, वल्कलं नेसला, जमिनीवर निजला, चौदा वर्षं कंदमुळं खाल्ली. प्रत्येक काम पादुकांना विचारून केलं. एवढं तुझ्या सासूबाईंच्या कानावर घाल. पादुकांनी नाही म्हणू नये, असं मला कुठे सापडलं नाही.

तब्येतीला जप, माया आहे तशी राहू दे.

तुझी सुंदराअक्का

बोरखेडे, ता. चोपडा, दि. १४-१२-९५

ती. सौ. अक्कास कुंदाचा शि. सा. न.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. पोथीमा शे ते बठ्ठं करनं पडी, त्यातलं काहीच सोडायचं नाही, असं म्हणून त्यांनी ह्यांची गादी लगेच माळ्यावर टाकली. संध्याकाळी देवळातली मंडळी हार-नारळ घेऊन आली आणि ह्यांना वाजतगाजत मळ्यात पोचवून गेली. वल्कलं कुठे मिळेनात, तेव्हा जीवराम शिंप्याने गोणपाट शिवून दिलं. धर्माचं काम म्हणून शिलाई घेतली नाही.

रोज मळ्यातून निरोप यायचा, अमक्या कामाला पादुकांची परवानगी आहे का. नळाच्या दुरुस्तीला मी दिली. ह्यांच्या मित्राच्या गटारीच्या ठेक्याला दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मी भरिताची वांगी भाजली. वास मळ्यापर्यंत जातो हे मला माहीत नव्हतं. हे गोणपाटासकट घरी आले. म्हणाले, खुर्ची तुझी, सही तुझी, आधी भाकरी वाढ. मी वाढली. कोरे कागद दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाला परत केले.

आता एकच अडचण आहे. पोथीत चौदा वर्षं, माझी मुदत पाच, ह्यांचे झाले तीन दिवस. उरलेल्याचं काय करायचं, असं सासूबाई विचारतात. गोणपाट धुऊन ठेवलं आहे. पोथी पाहून उलट टपाली कळव.

तुझी कुंदा