नदीला दहा मिनिटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देते तेवढं वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याचा व्यायाम चालू आहे ना, की त्या व्यायामवाल्या बाईंना "आज पाहुणे आलेत" सांगून दारातूनच परत पाठवतेस? मीठ कमी केल्याचं भावोजी फोनवर म्हणाले. ते कितपत खरं आहे ते तू कळव. इकडे आम्ही दोघं ठीक. मी गेल्या शनिवारी चक्कर येऊन पोस्टाच्या पायऱ्यांवर बसलो, पण त्याला आजारपण म्हणता येणार नाही. ती प्रवासाची रंगीत तालीम होती.

झालं असं की तुझी भावजय (चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यामुळे सगळी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणते, आणि मी काय म्हणावं हा प्रश्न तेवढीच वर्षं लोंबकळतो आहे) मागच्या महिन्यात रिटायर झाली. निरोप समारंभाहून आली, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आपण परदेशात जाऊ. चार दिवस. परवडेल तिथे. फक्त नदी मोठी पाहिजे, मला काठावर बसायचंय." चौकशीअंती दक्षिण-पूर्व आशियातली ती राजधानी ठरली, जिथून तुझ्या शेजारणीने ती वाऱ्याआधीच उलटी होणारी छत्री आणली. शहर स्वस्त, नदी भलीमोठी, आणि पावसाळ्यात विमानापासून खोलीपर्यंत सगळ्यांचेच भाव उतरलेले.

आता तुला ठाऊक आहे, शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं मी केलं. एकाच तासाला एक मास्तर दोन वर्गांवर, असा घोळ माझ्या हातून एकदाच झाला आणि तो मास्तरही मीच निघालो. तेव्हा मी कागद घेतला आणि चार दिवसांच्या अडतीस तासिका पाडल्या. राजवाडा एक तास, संग्रहालय पस्तीस मिनिटं, बाजार (नुसता बघण्यासाठी) वीस मिनिटं. खोली बिनखिडकीची शोधली, कारण खोलीत आपण असणारच नाही. तिकिटांच्या ऑफिसात मी तीन आठवडे वही घेऊन जात होतो. पहिल्या आठवड्यात तिथल्या बाईंनी चहा विचारला, दुसऱ्या आठवड्यात पाणी, तिसऱ्यात मी दिसताच त्या झेरॉक्स मशीनच्या मागे काहीतरी शोधायला लागल्या. तिकीट मात्र अजून काढलं नव्हतं. घाई कशाला, असं माझं मत.

स्वस्त तिकिटावर सात किलोंचीच पिशवी नेता येते. अंगावरच्या कपड्यांचं वजन मात्र कुणी करत नाही, हा शोध माझा. म्हणून शनिवारी सकाळी मी तीन शर्ट, दोन पँटी आणि वर लग्नातला कोट (बटणं लागत नाहीत, पण खिसे चांगले आहेत) असा निघालो. एका खिशात दाढीचं सामान, दुसऱ्यात हिची औषधं. बाग म्हणजे राजवाडा, पोस्ट म्हणजे संग्रहालय आणि पाण्याची टाकी म्हणजे नदी, असं समजून चालायचं होतं. ही मागून येत होती. किराणावाल्याने "सिस्टर, कुणाला ॲडमिट करताय का?" असं विचारलंसुद्धा. राजवाडा वेळेत झाला. संग्रहालयाच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

हिने मला बसवलं, कोट काढला, एकामागून एक दोन शर्ट काढले (रांगेतले लोक वळून बघत होते) आणि नाडी मोजता मोजता माझ्या खिशातून डोकावणारं वेळापत्रक ओढून वाचायला लागली.

"नदीला दहा मिनिटं?" तिने विचारलं.

"मधल्या सुट्टीएवढी," मी म्हणालो. "आणि पुढच्या तासिकेला उशीर नको म्हणून उभ्यानेच बघायची."

तिने माझा हात सोडला. "चौतीस वर्षं घड्याळ बघून लोकांना गोळ्या दिल्या हो मी. स्वतः गरम चहा कधी प्यायले ते आठवत नाही. एक नदी मागितली, तर तिथेही ड्यूटी लावलीत?"

आवाज चढवला नाही, ताई. चढवला असता तर मीही चढवला असता. आम्ही घरी आलो. दुपारी मी खोडरबर घेऊन बसलो आणि राजवाड्यापासून खोडत आलो. शेवटी कागदावर नदी तेवढी उरली, वेळेचा रकाना कोरा. तो कागद तिच्या चष्म्याखाली ठेवला आणि उगाचच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत राहिलो.

सोमवारी ती एकटीच जाऊन वीस मिनिटांत तिकिटं काढून आली. पुढच्या महिन्याची बारा तारीख. खोली नदीकडे खिडकी असलेली, फक्त जिना चार मजल्यांचा आणि लिफ्ट नाही; म्हणून आपल्या आवाक्यातली. "पोचल्यावर काय करायचं?" असं मी विचारलं. "बसायचं," ती म्हणाली. मी आता रोज अर्धा तास गॅलरीत नुसतं बसायचा सराव करतो आहे. वाटतं तितकं सोपं नाही ते.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घे, आणि त्या बाईंना घरात येऊ दे.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींना न दाखवता वाचावं म्हणून खाली लिहितो. तू नातवाकडे दोनदा विमानाने गेलीस. विमान जमीन सोडतं तेव्हा पोटात नेमकं काय होतं? किती वेळ होतं? डोळे मिटलेले चालतात का? तीन आठवडे तिकीट का निघालं नाही, ते तुला आता कळलं असेल. हिला एका अक्षराने कळवू नकोस. ही कशालाच भीत नाही.

ता. क. दुसरा, अक्षर वेगळं आहे. वन्सं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे सगळं वाचलं. यांना भीती वाटते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे; म्हणून खिडकीची जागा मी माझ्यासाठी घेतली. उत्तर जरूर पाठवा, फक्त दोन पाकिटांत. दुसऱ्यावर माझं नाव घाला. पोटाचं मलाही विचारायचंच होतं.