घरच्यांनी खरेदी करायची नाही

४ जून

चि. ढमीस,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी अखेर मशीनवर बसायला कायमची बंदी घातली. दुकानाची किल्ली परत देऊन आले. आता घरी येणारा प्रत्येकजण माझ्या कंबरेची चौकशी करतो, शिवणाचं कुणीच काही विचारत नाही. त्याने जीव कासावीस होतो गं.

तू इंटरनेटवर भांड्यांविषयी लिहितेस, लोक तुझ्या लिंकवरून ती घेतात आणि कंपनी तुला कमिशन देते, असं तुझी आई सांगत होती. शिलाई मशीनविषयी मला तसं जमेल का? तुझे काका म्हणतात, हिला फोटो पाठवतानाही घाम फुटतो. तू सविस्तर लिही.

तुझी,
मावशी

११ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जमेल. वेबसाइट मी उभी करून देते, लिहायचं तू. घरी शिवण शिकणाऱ्यांसाठीच लिही, सगळ्या जगासाठी नको. जे मशीन हाताळलं नाहीस त्याची शिफारस करू नकोस, आणि खोड असेल तर ती आधी सांग. कमिशन मिळतं हे वरच लिहून टाक; लपवलं की माणसं बिथरतात. मथळा लोक विचारतात तसा ठेव, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. शिवणाऱ्या बायकांच्या गटात गेलीस तर आधी शंका सोडव, गेल्या गेल्या लिंक चिकटवू नकोस. कंपनीचे नियम नीट वाच. सुरुवातीला महिनोन्महिने कुणी फिरकत नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

काकांना सांग, मलाही घाम फुटायचा.

तुझ्या मायेतली,
ढमी

२९ जुलै

चि. ढमीस,
अ. उ. आ.

कंपनीने माझं कमिशनचं खातं बंद केलं. कुणी फिरकेना म्हणून मी घरच्यांना माझ्या लिंकवरून काहीतरी घ्यायला सांगितलं. दुकानाची भवानी तुझ्या आईनेच केली होती, तशीच ही करावी म्हटलं. सगळे धावले. धाकट्या जाऊबाईंनी मशीन घेतलं. त्यांना साधं बटण लावता येत नाही. तुझ्या काकांनी माझ्याच फोनवरून कात्री मागवली. कंपनीने कळवलं की आपल्याच माणसांची खरेदी नियमात बसत नाही. नियम मी वाचले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला लबाड ठरवलं. आता हे पुरे.

मावशी

५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. माया आणि लबाडी कंपनीला लांबून सारखीच दिसते, त्यात तुझा अपमान नाही. लेख तुझेच आहेत, ते कुठे जात नाहीत. झालं ते जसंच्या तसं त्यांना लिही आणि एक संधी माग. नाही दिली तर दुसऱ्या कंपनीकडे जाऊ. मात्र काकांच्या नावाने नवं खातं उघडायचं नाही. ही युक्ती त्यांनी सुचवली असणार, मी ओळखते त्यांना. आणि आता घरातल्या कुणीही काही घ्यायचं नाही. धाकट्या काकूंना हे तूच सांग, माझी हिंमत नाही.

रागावू नकोस, लिहीत राहा.

तुझी,
ढमी

१८ नोव्हेंबर

चि. ढमीस,
अ. उ. आ.

त्या कंपनीने नकारच दिला. दुसरीने घेतलं. जाऊबाई बरेच दिवस फुगून होत्या, मग मशीन घेऊन माझ्याकडेच शिकायला आल्या. बाकी सगळं सामसूम होतं.

गेल्या आठवड्यात माझ्या लिंकवरून एक मशीन विकलं गेलं. मी घरातल्या एकेकाला फैलावर घेतलं. तुझे काका शपथेवर नाही म्हणाले, तरी त्यांचा फोन तपासला. आणि परवा एका अनोळखी बाईची मेल आली. तिने लेख वाचून मशीन घेतलंय, पण खालून दोऱ्याचा गुंता होतो. तिने लिहिलंय, “तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. तुमचंच काहीतरी चुकतंय.”

मी दुपारभर तिला उत्तर लिहीत बसले. चहासुद्धा काकांनी केला. ती वरचा दोरा ओवताना कापड धरणारी दाबपट्टी खालीच ठेवत असणार. तिला म्हटलं, सगळी शिवण उसव आणि पुन्हा सुरुवात कर. आता ती आणखी चिडणार. मी सकाळपासून तिच्या मेलची वाट बघते आहे.

तुझी,
मावशी