राबातली माती

सापगाव, ता. शहापूर
२ फेब्रुवारी २००६

प्रिय कमळ,

अक्षर ओळखलंस ना? किन्हवलीच्या शाळेत सातवीला तुझ्या मागच्या बाकावर बसायचा तो अनंता. आता हात थोडा कापतो, त्यामुळे वेलांट्या वाऱ्यावर हलल्यासारख्या दिसतील, पण वळण तेच आहे. गुरुजी कविता पाठ म्हणायला उभं करायचे तेव्हा मी तिसऱ्या कडव्यात हमखास अडायचो आणि तू मान न वळवता पुढची ओळ पुटपुटायचीस. त्या पुटपुटण्यावर मी अख्खं वर्ष पास झालो. अजूनही पहाटे अंगणात फिरताना त्या कविता म्हणतो. तिसऱ्या कडव्यात अजून अडतो. आमचा नातू म्हणतो, आजोबांची कॅसेट तिथेच गुंतते.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. आमची ही जाऊन पाच वर्षं झाली. तिने लावलेला बकुळ आता कौलांच्या वर गेलाय. सून चांगली आहे, चहात साखर कमी घालते एवढीच तक्रार. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सकाळी दहा वाजले की पाय आपोआप शहापूरच्या रस्त्याला लागतात. तीस वर्षं माती तपासली. लोक हसायचे. म्हणायचे, शिकून नोकरी लागली आणि माणूस बसलाय ढेकळं फोडत. पण खरं सांगू, मला त्या कामात कविताच दिसायची. माती वाळवायची, चाळायची, चिमूटभर काचेच्या चंबूत घ्यायची, त्यावर नारिंगी द्रावण आणि जपून तीव्र आम्ल ओतायचं. चंबू हाताला चटका देतो. मग अर्धा तास थांबायचं, आणि नळीतून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडत राहायचं. एका थेंबाला सगळं हिरवंगार होतं. किती थेंब लागले त्यावरून कळतं, मातीत सेंद्रिय कर्ब किती. म्हणजे कुजलेला पाला, शेण, मुळं यांचं जे काही सत्त्व मातीच्या अंगी लागलं ते. जेवण नुसतं पोटात गेलं की अंगी लागलं, यात फरक असतो ना, तसंच.

दुसरी तपासणी पोरांना फार आवडायची. मातीवर पातळ आम्लाचा थेंब टाकायचा. मातीत चुना असला तर चुरचुर फेस येतो. घाटावरच्या काळ्या मातीत येतो. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पावसाने धुतलेल्या मातीत काही म्हणता काही होत नाही, थेंब गुपचूप जिरतो. मी हजारो थेंब टाकले असतील, एकही बोलला नाही. एक सोडून.

पंच्याण्णव सालच्या वैशाखात तुमच्या गावचा कोंडू एक कापडी पिशवी घेऊन आला. चिठ्ठीवर तुझ्या यजमानांचं नाव होतं, पण अक्षर तुझं होतं. मी थेंब टाकला आणि माती उकळली. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, नाशकाची पिशवी इकडे आली की काय हो? मी म्हटलं, नाही साहेब, मुरबाडचीच आहे. कर्ब काढला तर तोही भरपूर. दोनदा काढला. खरं तर त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या कुणाची पिशवी असती तर मी ती परत पाठवली असती. पण मला वाटलं, कमळची माती चारचौघींसारखी कशी असेल? नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने दोन ओळीसुद्धा खरडल्या,

एक थेंब सांडला अन् माती खुदकन हसली,
इतकी वर्षं कुठली गोष्ट पोटात होती बसली.

आणि खाली शाईने अहवाल लिहिला. सेंद्रिय कर्ब भरपूर, शेणखताची गरज नाही. सही केली, शिक्का मारला, आणि दिवसभर शीळ घालत फिरलो.

गेल्या आठवड्यात शहापूरच्या बाजारात तो कोंडू भेटला. दात गेले, पण तोंड शाबूत आहे. वाल निवडता निवडता त्याने तुझी सगळी हकिगत सांगितली. तू तो कागद देवाच्या फळीवर ठेवलास आणि अक्षरशः पाळलास. यजमान गेल्यावरही पाळलास. अकरा वर्षं गोठ्यातलं शेण दुसऱ्यांच्या शेतात गेलं, तुझ्या भाताच्या खाचरात एक पाटी पडली नाही. भात दरवर्षी उतरत गेलं आणि आता निम्म्यावर आलंय. तुझा मुलगा सुयोग कारखान्यातून दमून येतो आणि तो कागद तुझ्यापुढे नाचवतो, कागदावर सोनं न् पदरात भूस, जमीनच म्हातारी झाली, आये, इकून टाकू. डोंबिवलीचा कुणी गृहस्थ फार्महाऊससाठी जागा बघून गेलाय आणि रविवारी, बारा तारखेला, कागद करायला येतोय. तू म्हणालीस म्हणे, सरकारी कागद खोटा कसा असेल, जमिनीचंच दिवस भरलं असतील. कमळ, ते ऐकून माझ्या हातातले वाल सांडले.

मी कोंडूला विचारलं, ती माती घेतली कुठून होतीस रे? तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, कुठून म्हंजे? राबातून. वयनीनी सांगितलं, सरकारात जायची हाय, चांगल्यातली चांगली दे. मंग काय खडकावरची देयाची व्हती? तुमी पावण्याला तांदळाच्या कन्या वाढता का?

मी तिथेच बाजारात पोट धरून हसलो आणि मग डोळे पुसले. मी याच मातीतला. झाडांची कवळं तोडून, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर शेण-पाला रचून राब भाजताना लहानपणी धुराने डोळे चोळलेला. राबात राख असते, कोळसा असतो. राखेतला चुना आम्लाला चुरचुरतो, आणि त्या जळक्या पाल्या-शेणाने कर्बाचा आकडा फुगतो. म्हणजे मी तपासली ती तुझ्या शेताची माती नव्हतीच. तुझ्या शेताने पाहुण्यापुढे ठेवलेलं पक्वान्न होतं ते, आणि मी त्यावरून घरात रोज काय शिजतं ते ठरवलं. चूक कोंडूची नाही, तुझी तर नाहीच. आम्ही चिठ्ठीवर 'मातीचा नमुना द्यावा' एवढंच छापायचो. चांगली द्या म्हटलं नव्हतं, पण आपल्याकडे देण्यासाठी वाईट काढायची रीत कुठे आहे?

त्याच दिवशी कोंडूला चहा पाजून दोन कोऱ्या पिशव्या दिल्या. एकीत राबातली माती आण म्हटलं, दुसरीत खाचरातली, दहा ठिकाणी वीतभर खणून, सगळी एकत्र कालवून. दोन दिवसांत आणल्या त्याने. जुन्या प्रयोगशाळेत आता एक तरतरीत मुलगी आहे, तिने मला खुर्ची दिली आणि चंबूही दिला. म्हणाली, काका, हात कापतोय, नळी मी धरते, तुम्ही रंग बघा. राबातल्या मातीने हलका फेस धरला आणि कर्ब भरपूर दाखवला. खाचरातली गप्प राहिली. तिचा कर्ब राबातल्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचला नाही. तेव्हा ऐक, आणि सुयोगलाही ऐकव. तुझी जमीन म्हातारी झालेली नाही. ती अकरा वर्षं उपाशी आहे, आणि ते माझ्या सहीने. उपाशी माणसाला वाढलं की तो उठून बसतो. गोठ्यातलं शेण यंदापासून खाचरात जाऊ दे, पेंढा सगळा विकू नकोस, बांधावर गिरिपुष्प लाव आणि त्याचा पाला चिखलणीत तुडव. कर्ब सावकाश चढतो, चार-पाच वर्षं धर. पण भाताला फरक दुसऱ्या पावसाळ्यात दिसेल असं माझं मन सांगतं. या खेपेला मनाबरोबर चंबूही तेच सांगतोय.

सुयोग म्हणेल, पुन्हा कोंडूचीच पिशवी, पुन्हा याच म्हाताऱ्याचा कागद. बरोबर आहे त्याचं. म्हणून येत्या गुरुवारी, नऊ तारखेला, मी सकाळच्या एसटीने मुरबाडला उतरून तुमच्याकडे येतो. कुदळ तुमची, पिशवी माझी. सुयोगने रजा काढावी आणि स्वतः खणावं, तो दाखवेल तिथे. प्रयोगशाळेतल्या मुलीने शनिवारी अहवाल हातात द्यायचं कबूल केलंय, आणि त्यावर सही तिची असेल. मग रविवारी विकायची तर खुशाल विका, पण खरं वजन कळून विका. मी लिहिलेला तो जुना कागद चुकीचा होता, हे मी शुद्धीत लिहून देतो आहे. हे पत्र त्या डोंबिवलीच्या गृहस्थांना दाखवलंत तरी चालेल.

आता एवढं सगळं कोंडूच्या तोंडी पाठवता आलं असतं आणि त्याने ते चवीने सांगितलंही असतं. पत्र लिहिलं ते पुढच्या चार ओळींसाठी. नमुना घ्यायला आमच्यापैकी कुणीतरी शेतावर जायचा नियम होता, कमळ. पंच्याण्णव साली तुमच्या गावाची पाळी माझी होती. मी निघालोही होतो, नवा सदरा घालून. मुरबाडच्या स्टँडवर उतरलो, दोन वडे खाल्ले, तासभर बाकावर बसलो आणि उलट्या गाडीने परत आलो. ऑफिसात सांगितलं, पुलावर पाणी आहे. भर वैशाखात. साहेब नुसते हसले आणि म्हणाले, निरोप पाठवा, नमुना मागवून घ्या. तुझ्या अंगणात शिरून काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, एवढंच. तेव्हा आलो असतो तर राबाकडे बोट करून तुला चार शब्द सुनावले असते आणि तुझी अकरा पिकं वाचली असती. गुरुवारी काय बोलायचं ते अजूनही सुचलेलं नाही, पण येतोय. सुयोगला पत्र वाचून दाखवशील तेव्हा या परिच्छेदाच्या आधी थांब आणि पाणी प्यायला म्हणून ऊठ.

तुझाच,
अनंता