बाईंमध्ये बरीच सुधारणा

२ मार्च, सकाळ
या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: घडीचं जेवणाचं टेबल, चपलांचं कपाट, कपडे वाळत घालायचा वर-खाली होणारा दांडा, मुलीचा लहानपणचा पलंग, बायकोच्या शिवणयंत्राची मोटर (मूळ पंख्याची, जरा जोरात पळते) आणि लॅपटॉपचा स्टँड. यातलं काहीही मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही.

स्टँड कालच झाला. उद्यापासून मुलीने मला ऑनलाइन थेरपिस्ट लावली आहे. सहा सेशन, प्रत्येकी बाराशे, पैसे माझेच. मला काही झालेलं नाही. कारखान्याने पॅकिंगचा विभाग बंद केला, त्यात माझी सत्तावीस वर्षांची मेंटेनन्सची नोकरी गेली, त्याच्या जरा आधी सासूबाई गेल्या होत्या, आणि चार दिवस जाऊन येते म्हणून बायको तिच्या ताईकडे गेली त्याला दोन महिने झाले. एवढंच. आता तिची अट अशी, की सहाही सेशन करा, मग परत यायचं का ते बघते.

मुलगी म्हणाली, बाबा, प्लीज, यात तरी स्वतःचं काही जोडू नका. मी फक्त स्टँड जोडला.

३ मार्च
पहिलं सेशन. बाई मुलीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठ्या. तुम्हाला काय म्हणू, असं विचारलं. सर म्हणा, म्हटलं. पाच मिनिटांत काका झालो.

बाईंना माझी नुसती हनुवटी दिसत होती म्हणे. स्टँड मी मुद्दाम बुटका केला आहे, समोरच्याकडे जरा वरून बघता यावं म्हणून. मोजून केलेलं आहे, चूक नव्हे.

घरात एकटं असताना कसं वाटतं, असं काहीतरी विचारत होत्या. मी कान देऊन ऐकत होतो. त्यांची खुर्ची करकरत होती. डावीकडे झुकल्या की दोनदा, उजवीकडे एकदा. सीटखालचा मागचा बोल्ट. शंकाच नको.

१० मार्च
दुसरं सेशन. बाईंना खुर्ची उलटी करायला लावली. आधी नाही म्हणत होत्या, काका, यात तुमचाच वेळ जातोय. मी म्हटलं, जाऊ दे, माझं काय, तुमच्याकडेही कुणीतरी बघायला हवं. पाना नव्हता. भिंतीवर तीन सर्टिफिकिटं आणि घरात एक पाना नाही. पक्कडीवर भागवलं. सेशन त्यातच संपलं, पण काम झालं.

१७ मार्च
तिसरं. खुर्ची गप्प. बाईंमध्ये बरीच सुधारणा आहे. सैल बसतात, मोकळं हसतात. मनापासून आभार मानले आणि लगेच म्हणाल्या, आता आपण तुमच्याकडे वळू या का. उपकार फेडून टाकायची केवढी घाई.

बायको का गेली असं तुम्हाला वाटतं, असा प्रश्न. मी क्रमाने सांगितलं. तिची आई गेल्यावर ती सोफ्यावर बसून राहायची. एकाच जागी बसल्याने सोफा दबायला लागला, म्हणून तिला उठवून स्प्रिंगा बदलल्या. मग ती स्वयंपाकघरात बसायला लागली. तिथल्या फळ्या मला बऱ्याच दिवसांपासून खुपत होत्या, त्या काढल्या. मग बेडरूममध्ये. खिडकीची चौकट फुगली होती, ती तासायला घेतली. मग ताईकडे.

बाई पेन हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, चित्र अडकलं.

गृहपाठ दिला. बायकोला फोन करायचा, ती बोलेल ते ऐकायचं, दुरुस्त काही करायचं नाही. याला काम म्हणतात? पण करीन. अंगचोरपणा माझ्या रक्तात नाही.

२० मार्च, संध्याकाळ
फोन साडूंनी उचलला. साडू इंजिनिअर. हल्ली बायको आईची एकच आठवण तीन-तीनदा सांगते म्हणे आणि हे गृहस्थ तीन-तीनदा ऐकतात. रिकामटेकडेपणा, दुसरं काय.

बायको आली. अहो, आज कसा काय फोन, म्हणाली. मी गप्प. तब्येत बरी आहे ना, म्हणाली. मी गप्पच, कारण ऐकायचं होतं. चार वेळा हॅलो झालं. शेवटी म्हटलं, बोल तू, मी ऐकतोय. मग ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मी मध्ये एक शब्द टाकला नाही.

कारखान्यात पद्धत होती. मशीन बिघडलं की ऑपरेटर त्याला लाल चिठ्ठी बांधायचा, प्रत्येक बिघाडाची वेगळी. दुरुस्ती झाली की मी त्यावर ‘बंद’ असा शिक्का मारायचो. त्याच पद्धतीने ऐकलं. अकरा चिठ्ठ्या भरल्या.

२१ मार्च
सकाळपासून निपटारा. ‘घरभर हत्यारं पडलेली असतात’: कपाटात ठेवली. बंद. ‘शिवणयंत्राची भीती वाटते’: रेग्युलेटर बसवला. बंद. ‘तुम्ही माझ्याकडे बघतच नाही’: डोळे तपासून आलो, नंबर थोडा वाढलाय. बंद. ‘आईची फार आठवण येते’: वयोमानाने झालेली झीज, सुटा भाग मिळत नाही. बंद.

अकराही चिठ्ठ्या ओळीने लावून फोटो बायकोला पाठवला. तिने पाहिल्याची खूण लगेच आली. उत्तर नाही. उलट तक्रार आली नाही, म्हणजे मशीन सुरळीत. इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

२४ मार्च
चौथं. बाईंना चिठ्ठ्या दाखवल्या. कौतुकाची अपेक्षा नव्हती, झालंही नाही. सासूबाईंच्या चिठ्ठीवर शिक्का मारताना तुम्हाला काय वाटलं, म्हणे. मी म्हटलं, शाई सुकत आलीय असं वाटलं. मग बाईंनी विचारलं, काका, तुमची नोकरी गेली त्या दिवशी तुमचं कुणी ऐकलं होतं का.

नेमकं तेव्हाच नेट गेलं. राउटरची वायर माझ्या हातात होती हे खरं, पण ती आधीपासून सैल होती.

३१ मार्च
पाचवं. सकाळी प्लायवुड घासलं होतं. त्याची भुकटी घशात बसली, डोळ्यांतही गेली. बाई म्हणाल्या, सावकाश, घाई नाही. भुकटी जाईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून शेवटच्या दिवसाचं सांगितलं. नवीन मालकांची माणसं मशीन ट्रकवर चढवत होती. कुठे धरायचं ते मला पाठ होतं. मी पुढे झालो तर एक जण म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा, लागेल. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं होतं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आणि सोफा उलटा केला.

थोडंच सांगितलं.

५ एप्रिल, दुपार
घरात आता एकही दार करकरत नाही, एकही नळ गळत नाही. सगळं मी केलं. फ्रिज चालू झाला, बंद झाला, एवढं कळतं. बसून ऐकत होतो. यात बिघाड काही सापडला नाही.

७ एप्रिल
सहावं आणि शेवटचं. मी म्हटलं, झालं बुवा काम. बाई म्हणाल्या, काका, खरं तर आता कुठे सुरुवात झालीय. असंच म्हणणार, व्यवसाय आहे त्यांचा.

संकल्प: बायको आली की पहिला आठवडा पान्याला हात लावायचा नाही. निदान रविवारपर्यंत.

९ एप्रिल
बायकोचा फोन, स्वतःहून. म्हणाली, अहो, त्या चिठ्ठ्या बघून मी आधी रडले, मग ताईला दाखवल्या, मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग म्हणाली, आपण दोघं मिळून एकदा बाईंशी बोलू या. तुम्ही तिकडून बसा, मी इकडून बसते. मी विचारलंय त्यांना, शनिवारी वेळ आहे. पैसे मी भरीन, ब्लाउज शिवल्याचे आलेत. तुम्ही फक्त या.

मी शांतपणे समजावलं. ठरले होते सहा, झाले सहा. सातवं अटीत नव्हतं. शिवाय आजवर दुसऱ्याच्या पैशाने मी स्वतःचं काही करून घेतलेलं नाही, आणि चालू मशीन उगाच कुणी उघडत नाही. तेव्हा सेशन नको, तू थेट सामान घेऊन ये.

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मी तो ऐकत होतो. मग म्हणाली, बरं. घराची माझी किल्ली मुलीकडे देऊन ठेवते.

नोंद असावी म्हणून लिहितो. प्रस्ताव: नवरा-बायकोचं मिळून एक सेशन, खर्च बायकोचा. मी नाकारला. रक्कम बाराशे रुपये.