डोळे तपासणीची गाडी

ताई,

धाकटीचा साष्टांग दंडवत! मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाळाचा खोकला थांबला का?

धंदा करणाऱ्या बायकांच्या गल्लीत आम्ही एवढी वर्षं राबलो, तिथे एचआयव्ही कमी झाला. साहेब खूश झाले आणि तिथला दवाखानाच बंद करून बसले! माझं डोकंच फिरलं. अगं, गिऱ्हाईकं थोडीच बंद झालीत? असो.

आता आमची गाडी ट्रक अड्ड्यावर असते. आधी गाडीवर ‘एचआयव्ही तपासणी’ लिहिलेलं, तर कुणी फिरकेना. मग ‘मोफत डोळे तपासणी’ लिहिलं आणि रांग लागली. डोळे खरंच तपासतो. मग पडदा ओढून मी दुसऱ्या तपासणीचं विचारते. बरेच ड्रायव्हर हो म्हणतात. “घरी बायकोला सांगाल ना?” म्हटलं, की मात्र खिडकीबाहेर बघतात.

काल एक जण अगदी दाजींसारखा हसला. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

दाजींचा ट्रक इकडे यायचा असेल, तेव्हा त्यांना डोळे तपासायला माझ्याकडे पाठव. तूही सोबत ये. तुझे डोळे ठणठणीत आहेत, ठाऊक आहे मला. तरी ये.

तुझीच,
धाकटी